इअरफोन बदलताना : मोठा आवाज नको, साफ आवाज हवा

आज आपल्या व्यापाराचा मोठा भाग फोनवर चालतो. सुरतेचा आडत्या, भिवंडीचा कारखानदार, इचलकरंजीचा दलाल, मालेगावचा विणकर, या सर्वांचे भाव, मागण्या आणि तक्रारी फोनवरच येतात. समोर गिऱ्हाईक बसलेले असते, बाहेर रहदारी चालू असते, कारखान्यात असाल तर मागे यंत्रमागांचा खडखडाट असतो. अशा वेळी कानातील इअरफोन ही चैनीची वस्तू राहत नाही. गज आणि तराजू यांच्यासारखेच ते धंद्याचे साधन होते.

फोनवर कोणी म्हणाले, "सात गाठी पाठवा", आणि ऐकणाऱ्याने ऐकले, "साठ गाठी पाठवा", तर काय होईल हे व्यापाऱ्याला सांगण्याची गरज नाही. सात आणि साठ यांत फरक फक्त शेवटच्या अक्षराचा आहे, पण हिशेबात तो त्रेपन्न गाठींचा होतो. असे असूनही जुना इअरफोन बिघडला की आपण रस्त्याच्या कडेला टांगलेल्या शंभर-दीडशेच्या मालातून एक उचलतो, किंवा दुकानदार "याचा बास जबरदस्त आहे" म्हणाला की घेऊन टाकतो. जो माणूस कापडाचा तागा दोन बोटांत चोळून, उजेडासमोर धरून पारखल्याशिवाय घेत नाही, तोच इअरफोन मात्र न पारखता घेतो. म्हणून या वस्तूची पारख कशी करावी, हे थोडे तपशिलाने पाहू.

जुना खरोखर बिघडला आहे काय?

नवीन घेण्यापूर्वी जुन्याची तपासणी करावी. कानात आत बसणाऱ्या इअरफोनच्या तोंडाला बारीक जाळी असते. तिच्यात कानातील मळ बसला की त्या बाजूचा आवाज हळूहळू कमी होतो आणि आपण म्हणतो, "एक बाजू गेली." रबर काढून, जाळीचे तोंड खाली धरून मऊ कोरड्या ब्रशने ती साफ करावी. पाणी घालू नये, सुई तर मुळीच घालू नये. फोनच्या ज्या भोकात पिन जाते तिथेही खिशातील कापसाचे तंतू जमतात. त्यामुळे पिन पूर्ण आत जात नाही. गाण्याचे संगीत ऐकू येते पण गाणाऱ्याचा आवाज मात्र दूर गेलेला किंवा गायब वाटतो, अशी तक्रार असेल तर बहुतेक वेळा पिन अर्धवट बसलेली असते किंवा तिच्यातील समाईक तार तुटलेली असते.

फोनच्या सेटिंगमध्ये डाव्या-उजव्या आवाजाचा समतोल ठरविणारी एक पट्टी असते. ती चुकून एका बाजूला सरकली तरी एक कान बंद वाटतो. हे सर्व पाहून, दुसऱ्या फोनवर लावून, मगच इअरफोन बाद ठरवावा. तार पिनेजवळ तुटली असेल आणि वस्तू चांगल्या दर्जाची असेल तर दुरुस्ती करणारा कारागीर नवी पिन डाख देऊन बसवून देतो.

साफ आणि समतोल आवाज म्हणजे काय?

आवाज म्हणजे हवेचे कंपन. सेकंदाला किती कंपने होतात हे हर्ट्झमध्ये मोजतात. तरुण आणि निरोगी माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. वय वाढते तशी वरची मर्यादा खाली येते. ढोलाचा धमधम आवाज शंभर हर्ट्झच्या आसपास किंवा त्याहून खाली असतो. माणसाच्या बोलण्यातील स्वर, म्हणजे आ, ई, ओ, हे मधल्या पट्ट्यात असतात. स, श, फ, त, ट यांसारख्या व्यंजनांची ओळख मात्र बरीचशी २,००० ते ८,००० हर्ट्झच्या पट्ट्यात असते. स्वर आवाजाला जोर देतात, पण शब्द कोणता हे व्यंजने सांगतात.

उर्दूत शुद्ध उच्चाराच्या माणसाला "याचे शीन-काफ दुरुस्त आहेत" असे म्हणतात. इअरफोनची पारखही हीच आहे. ज्याचे शीन-काफ दुरुस्त तो चांगला.

बाजारातील बहुतेक स्वस्त मालात खालचा धमधम भाग मुद्दाम वाढविलेला असतो. पहिल्या पाच मिनिटांत तो भारदस्त वाटतो. भरपूर खळ दिलेले कापड दुकानात हाताला जाड आणि वजनदार लागते, पण पहिल्या धुण्यात त्याची खरी वीण उघडी पडते, तसाच हा प्रकार आहे. शिवाय कानाचा एक स्वभाव आहे. खालच्या पट्टीचा जोरदार आवाज वरच्या पट्टीच्या बारीक आवाजाला झाकून टाकतो. म्हणून बास वाढविला की व्यंजने दबतात, बोलणे अस्पष्ट होते आणि आपण आवाज आणखी वाढवितो.

समतोल म्हणजे खालचा, मधला आणि वरचा या तिन्ही पट्ट्यांत कोणीही दुसऱ्यावर कुरघोडी न करणे. मात्र समतोल म्हणजे कागदावरची सरळ रेषा असे समजू नये. आपल्या कानाची नळी स्वतःच ३,००० हर्ट्झच्या आसपासचा आवाज वाढवून पडद्यापर्यंत पोहोचवते. इअरफोन नळीत आत बसला की ही नैसर्गिक वाढ बदलते, म्हणून चांगला बनविणारा ती आपल्या वस्तूत भरून काढतो. अमेरिकेतील एटिमोटिक ही कंपनी १९८३ साली श्रवणशास्त्राच्या अभ्यासातून निघाली आणि तिने १९९१ मध्ये ईआर-४ नावाचा इअरफोन याच विचाराने आणला. पुढे २०१२ नंतर हरमन कंपनीचे संशोधक शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक लोकांना निरनिराळे हेडफोन ऐकवून पाहिले. चांगल्या खोलीत ठेवलेल्या चांगल्या स्पीकरसारखा आवाज बहुतेकांना पसंत पडतो, असे त्यांना आढळले. त्यांची आलेखरेषा आज अनेक कारखाने नमुना म्हणून समोर ठेवतात. त्यामुळेच आता समतोल आवाजाचा तारेचा इअरफोन साधारण दीड-दोन हजार रुपयांतही मिळू शकतो. पूर्वी तो फक्त महाग मालात मिळत असे.

जुन्या टेलिफोनवर ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जात असे. आजच्या फोर-जीच्या बोलण्यात, दोन्हीकडचे फोन आणि कंपन्यांची सोय असेल तर, सुमारे ७,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज जातो. म्हणजे व्यंजने आपल्या फोनपर्यंत पोहोचतात. ती शेवटच्या दोन वितीत हरवू द्यायची की नाही, हे इअरफोनवर अवलंबून आहे.

खोक्यावरील आकड्यांचा अर्थ

खोक्यावर "२० ते २०,००० हर्ट्झ" असे जवळजवळ प्रत्येक कंपनी छापते. या पट्ट्यात कोणता भाग जास्त आणि कोणता कमी, हे त्यावरून कळत नाही. "तागा वीस मीटरचा आहे" एवढे सांगून कापडाची वीण कळते काय? तसेच हे आहे. "१० मिलिमीटरचा ड्रायव्हर", "एक्स्ट्रा बास" यांवरूनही दर्जा ठरत नाही. आत पातळ पडदा आणि चुंबक असलेला डायनॅमिक ड्रायव्हर असो, की पूर्वीपासून श्रवणयंत्रांत वापरला जाणारा बॅलन्स्ड आर्मेचर असो, दोन्हींत उत्तम आणि वाईट माल आहे. चार-चार ड्रायव्हर असले म्हणजे आवाज चौपट चांगला, असेही नाही.

दोन आकडे मात्र उपयोगी आहेत. पहिला ओहमचा. साध्या फोनसाठी १६ ते ३२ ओहमचा इअरफोन सोयीचा असतो. दुसरा संवेदनशीलतेचा, जो डेसिबलमध्ये देतात. तो शंभरच्या आसपास किंवा वर असेल तर फोनची ताकद पुरते.

कानात बसणे हीच अर्धी किंमत

उत्तम इअरफोनही कानात सैल बसला तर पातळ आणि किरकिरा वाजतो, कारण फटीतून खालचा आवाज निघून जातो आणि बाहेरचा गोंगाट आत येतो. म्हणून खोक्यात लहान, मध्यम आणि मोठे असे रबराचे तीन जोड असतात. बहुतेक लोक जो लावलेला येतो तोच वापरतात. दोन्ही कानांची नळी सारखीच असते असे नाही. एका कानाला मध्यम आणि दुसऱ्याला मोठे रबर लागू शकते. नीट बसले की बोलणाऱ्याचा आवाज भरल्यासारखा होतो आणि बाजूचा पंखा लांब गेल्यासारखा वाटतो. रबराने कान दुखत असेल तर दाबून आकार घेणारे फोमचे रबर घ्यावे. ते लवकर झिजते, पण फट चांगली भरते.

नीट बसलेला इअरफोन बाहेरचा गोंगाट साधारण पंधरा ते पंचवीस डेसिबलने कमी करू शकतो. त्यामुळे फोनचा आवाज कमी ठेवून भागते. मात्र याच कारणासाठी मोटारसायकल चालविताना, रस्ता ओलांडताना किंवा चालू यंत्राजवळ तो वापरू नये. हॉर्न किंवा सोबत्याची हाक ऐकू येणार नाही.

पिन आणि फोन यांचा मेळ

पूर्वी बहुतेक फोनना साडेतीन मिलिमीटरची गोल पिन चालत असे. २०१६ मध्ये ॲपलने आयफोन ७ मधून ते भोक काढले, आणि नंतर अनेक कंपन्यांनी तसेच केले. म्हणून प्रथम आपला फोन पाहावा. गोल भोक असेल तर माईकसाठी चार पट्ट्यांची पिन घ्यावी. काही जुन्या फोनमध्ये या चार पट्ट्यांचा क्रम उलटा होता, त्यामुळे आजचा इअरफोन त्यांत नीट वाजत नाही.

भोक यूएसबी-सीचे असेल तर सावध राहावे. दिसायला पिन सारखीच असली तरी माल दोन प्रकारचा असतो. एकात आवाज तयार करणारी चिप असते, दुसऱ्यात ती नसते आणि तो ठरावीक फोनवरच चालतो. चिप असलेलाच घ्यावा, आणि पैसे देण्यापूर्वी स्वतःच्या फोनवर लावून पाहावा. गोल पिनेचा चांगला इअरफोन घरात पडून असेल तर चिप असलेला छोटा जोड घेऊन तोच वापरता येतो.

तार वेगळी होणारा नमुना मिळाला तर त्याला पसंती द्यावी. इअरफोन मरतो तो बहुधा तारेच्या दुखण्याने. तार बदलता आली की तीच वस्तू वर्षानुवर्षे चालते. या तारांची टोके मुख्यतः दोन प्रकारची असतात, ०.७८ मिलिमीटरची दोन काट्यांची आणि एमएमसीएक्स नावाची गोल. आपली कोणती हे लिहून ठेवावे.

तारेचा की बिनतारी?

बिनतारी इअरफोन सोयीचा आहे यात शंका नाही. हात मोकळे राहतात, तार गजात किंवा कातरीत अडकत नाही. पण तीन गोष्टी जाणून घ्याव्यात. पहिली, त्यातील लहान बॅटरी काही वर्षांत दम सोडते आणि बहुतेक नमुन्यांत ती बदलता येत नाही. म्हणजे आवाज चांगला असूनही वस्तू टाकावी लागते. दुसरी, गाणे ऐकताना उत्तम वाटणारा बिनतारी इअरफोन बोलणे सुरू होताच बहुधा वेगळ्या, कमी दर्जाच्या पद्धतीवर जातो, कारण माईकचाही भार त्याच जोडणीवर पडतो. म्हणून गाणे ऐकून निवड न करता प्रत्यक्ष बोलून निवड करावी. तिसरी, त्याच किमतीत आवाजाचा दर्जा सहसा तारेच्या इअरफोनमध्ये जास्त मिळतो, कारण बॅटरी, डबी आणि रेडिओचा खर्च वाचतो. दिवसभर गादीवर बसून सौदे करणाऱ्याला तारेचा, आणि सतत फिरतीवर असणाऱ्याला बिनतारी, असा साधा हिशेब ठेवता येईल.

दुकानात परीक्षा कशी घ्यावी?

घरून तयारी करून जावे. शांत खोलीत घरातील एक पुरुष आणि एक स्त्री यांच्याकडून आकडे आणि मालाची नावे वाचून घेऊन फोनवर ध्वनिमुद्रित करावीत. सात, साठ, सदुसष्ट, सत्याहत्तर, एकोणसाठ, एकोणसत्तर, असे एकमेकांच्या जवळचे आकडे घ्यावेत. दुकानात हे मुद्रण फोनचा आवाज अर्ध्याहून कमी ठेवून ऐकावे. कमी आवाजात प्रत्येक आकडा स्वच्छ कळला तर इअरफोन साफ आहे. कळण्यासाठी आवाज वाढवावा लागला तर ठेवून द्यावा. "स" आणि "श" कानाला टोचत असतील तर वरचा पट्टा जास्त आहे, तोही समतोल नव्हे. अशा इअरफोनने तासाभरात डोके चढते.

दोन नमुने तोलताना दोन्हींचा आवाज सारखा करून घ्यावा, कारण थोडा मोठा वाजणारा नेहमीच चांगला वाटतो. नंतर घरी फोन लावून आपला आवाज पलीकडे कसा येतो ते विचारावे. ऐकण्याचा भाग आणि माईक या दोन वेगळ्या वस्तू आहेत. आपल्याला साफ ऐकू आले म्हणजे पलीकडच्याला आपले बोलणे साफ पोहोचते, असे नाही.

कानात जाणारी वस्तू असल्याने अनेक दुकानदार ती उघडून देत नाहीत व परतही घेत नाहीत. त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. दाखविण्यासाठी वेगळा नमुना आहे का, हे विचारावे. रबर पुसून किंवा बदलून लावावे. दुसऱ्याचा वापरलेला इअरफोन तसाच कानात घालू नये, विशेषतः पावसाळ्यात, कारण कानात बुरशी धरण्याची भीती असते.

नकली मालाचा प्रश्न

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या बाजारापर्यंत नामांकित कंपन्यांच्या नावाचा नकली माल मिळतो. खोके हुबेहूब असते, किंमत मात्र मूळच्या पाव. बिनतारी इअरफोनला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. त्याचा "आर" अक्षराने सुरू होणारा क्रमांक खोक्यावर किंवा वस्तूवर असतो, आणि ब्युरोच्या बीआयएस केअर या ॲपवर तो तपासता येतो. पक्के बिल घ्यावे. त्याशिवाय हमीचा उपयोग नाही.

आपल्यापैकी अनेक बंधू मोबाईलच्या सामानाचा धंदा करतात, त्यांच्यासाठी एक सूचना. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यानुसार खोट्या नावाचा माल विकणाऱ्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. बिननावाचा स्वस्त माल "हा साधा माल आहे" असे सांगून विकणे हा धंदा आहे. दुसऱ्याच्या नावाने विकणे ही फसवणूक आहे.

कानाचा हिशेब

शेवटी सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कानाच्या आत सूक्ष्म केसांच्या पेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे प्रौढ माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास, ९० डेसिबलचा ४ तास आणि १०० डेसिबलचा फक्त २० मिनिटे ऐकावा. मुलांसाठी मर्यादा याहूनही कमी आहे.

शटलच्या यंत्रमागांच्या खोलीतील गोंगाटच शंभर डेसिबलच्या आसपास जातो, आणि आपले कारागीर तिथे बारा-बारा तास उभे असतात. त्यावर मात करण्यासाठी इअरफोनचा आवाज वाढवून गाणी ऐकणे म्हणजे जखमेवर जखम आहे. माग चालू असताना कानात फोमचे बोळे घालावेत, ते काही रुपयांत मिळतात. फोन आला तर खोलीबाहेर येऊन बोलावे. कारखानदारांनीही एवढी मुभा आणि हे बोळे कारागिरांना द्यावेत.

गोंगाटाने होणारे बहिरेपण प्रथम ४,००० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे नेमके व्यंजनांच्या पट्ट्यात सुरू होते. असा माणूस म्हणतो, "आवाज येतो, पण शब्द कळत नाही." म्हणून दोन-तीन चांगले इअरफोन बदलूनही बोलणे अस्पष्टच वाटत असेल, कानात सतत शिटी वाजल्यासारखे होत असेल, तर चौथा इअरफोन न घेता कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन श्रवणचाचणी करून घ्यावी. एखाद्या कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर त्याच दिवशी जावे. अशा वेळी उपचारास उशीर परवडत नाही.

तात्पर्य, जुना तपासून मगच नवा घ्यावा, पिन आपल्या फोनला जुळते का ते पाहावे, रबर कानाला नीट बसवावे, आणि कमी आवाजात आकडे स्वच्छ कळतात का, एवढ्या एका कसोटीवर निवड करावी. साफ आवाज कमी पातळीवर कळतो, त्यामुळे सौदाही वाचतो आणि कानही वाचतो. इअरफोन पुन्हा विकत घेता येतो, कान विकत मिळत नाही.